घरची दुरुस्ती : जुन्या मोटारीची आणि नव्या मोटारीची

वसंत व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण, आरोग्य असे विषय श्रोत्यांच्या मनात येतात. मोटारीचा प्लग आणि बॅटरी यांना या व्यासपीठावर जागा कशी, असे कोणास वाटले तर आम्ही ते गैर मानणार नाही. परंतु न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली, तेव्हापासून लोकांच्या भाषेत लोकांच्या कामाचे ज्ञान सांगणे हेच या व्यासपीठाचे काम राहिले आहे. आणि ज्या वाहनात आपण बायकामुलांसह रोज बसतो, त्याचे ज्ञान कामाचे नाही असे कोण म्हणेल ?

लाखांदूरसारख्या गावी तर या ज्ञानाला विशेष मोल आहे. वैनगंगा आणि चुलबंद यांच्या खोऱ्यातील हा धानाचा मुलूख. कंपनीच्या सेवाकेंद्रासाठी भंडारा किंवा नागपूर गाठावे लागते. रोवणीच्या दिवसांत नाल्यांना पाणी चढते, आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके सुरू झाली की माणसे रात्री-अपरात्री वडशाकडे, अर्जुनीकडे, साकोलीकडे जा-ये करतात. अशा वेळी गाडी अडली, तर मालकाला स्वतः काय करता येईल आणि काय मुळीच करू नये, हे ठाऊक असणे म्हणजे निम्मे संकट टळणे होय.

या विषयासंबंधी एक तक्रार आपण सर्वत्र ऐकतो. 'जुन्या गाड्या बऱ्या होत्या. पाना-पक्कड घेतली की रस्त्यातच दुरुस्त होत. आताच्या गाड्यांचे बॉनेट उघडले तर आत हात घालायलाही जागा नाही.' या तक्रारीत तथ्य किती आणि गतकाळाविषयीचे ममत्व किती, हे पाहण्याचा आमचा विचार आहे.

जुनी गाडी घरी का दुरुस्त होत असे ?

जुनी गाडी म्हणजे कोणती, हे आधी ठरवू. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट अकराशे डिलाइट ही गाडी निघू लागली आणि पुढे तीच 'पद्मिनी' या नावाने घरोघर माहीत झाली. तिची जोडीदारीण अँबॅसेडर. ती १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात बनत होती. तिसरी महिंद्राची जीप. हिची जुळणी १९४७ पासून मुंबईत सुरू झाली, आणि आपल्या भागातील काळीपिवळीचा संसार बराच काळ या घराण्यातील गाड्यांनीच ओढला. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० हीसुद्धा आपल्या पहिल्या पंधरा-सोळा वर्षांत, म्हणजे कार्बोरेटरच्या काळात, याच वर्गात मोडते.

या सर्व गाड्यांची कूस एकच होती. पेट्रोलच्या इंजिनाला चालण्यासाठी चार गोष्टी लागतात : इंधन, हवा, योग्य क्षणी पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमध्ये निर्माण होणारा दाब. जुन्या गाडीत या चारही गोष्टी डोळ्यांनी पाहता येत किंवा कानांनी ऐकता येत. इंधन येते का ? कार्बोरेटरची नळी काढली आणि इंजिन फिरवले की पेट्रोलची पिचकारी दिसे. ठिणगी पडते का ? प्लगची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली की निळी ठिणगी उडताना दिसे. ठिणगी नसली तर डिस्ट्रिब्यूटरचे झाकण उघडावयाचे. आत पॉइंट नावाची छोटी जोडी असते. ती उघडते आणि मिटते, आणि ती उघडण्याच्या क्षणी कॉइलमध्ये उच्च दाबाची वीज उत्पन्न होते. उघडमिट करता करता तिची तोंडे जळून काळी पडतात. पॉलिश पेपरने ती घासली, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची फट फीलर गेजने जुळवली, की गाडी पुन्हा सुरू. या कामाला विद्यापीठाची पदवी लागत नव्हती. थोडी समज आणि स्वच्छ हात पुरत असत.

ड्रायव्हर मंडळींनी तर याच्या भोवती एक आजीबाईचा बटवाच जमविला होता. उन्हाळ्यात पेट्रोलपंप तापून नळीत इंधनाची वाफ धरली आणि गाडी बंद पडली, तर पंपावर ओले फडके गुंडाळावयाचे. पेट्रोलच्या टाकीला बारीक चीर गेली, तर तीवर अंगाच्या साबणाची वडी घासावयाची, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. रेडिएटर पाझरू लागला तर त्यात चमचाभर हळद. जेटमध्ये कचरा अडकला तर सायकलच्या पंपाने फुंकर. बॅटरी बसली तर चार माणसांचा धक्का, आणि बऱ्याच गाड्यांना पुढून हँडल मारण्याचीही सोय. यांतील प्रत्येक उपायामागे साधे शास्त्र आहे. फडक्यातील पाणी उडताना उष्णता शोषून घेते, आणि हळदीचे कण फुगून चिरेत बसतात. ज्यांनी हे उपाय शोधले त्यांच्या निरीक्षणशक्तीला आम्ही मनापासून मान देतो.

परंतु हिशेब पुरा मांडला पाहिजे. ज्या गाडीला घरी दुरुस्त करता येत असे, तिला घरी दुरुस्त करावेही लागत असे. दर काही हजार किलोमीटरांनी पॉइंट घासणे, प्लग साफ करणे, सांध्यांच्या निपलांत ग्रीस भरणे, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात कार्बोरेटर निरनिराळा जुळविणे, हे सारे मालकाच्या किंवा मिस्त्रीच्या डोक्यावर होते. लांबच्या प्रवासाला निघताना पाण्याचा डबा, फॅन बेल्ट, पॉइंटची जोडी आणि हत्यारांची पिशवी बरोबर घ्यावी लागे. आज नव्या गाडीतून नागपूरला जाणारा मनुष्य पाण्याची बाटली घेतो ती स्वतःसाठी. जुन्या गाडीचा दुरुस्तसुलभपणा हा गुण होता यात शंका नाही. पण तिच्या वारंवार बिघडण्याच्या खोडीची ती दुसरी बाजू होती, हेही विसरून चालणार नाही.

मग बदल का झाला ?

कारखानदारांनी मिस्त्रीची रोजी हिरावण्यासाठी गाड्या गुंतागुंतीच्या केल्या, असे पुष्कळांना वाटते. खरे मूळ कारण वेगळे आहे. ते आहे धुरात.

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. हवा कमी पडली तर अर्धवट जळालेले इंधन आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतात, तर हवा जास्त झाली तर नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. धूर शुद्ध करण्यासाठी गाडीच्या नळकांड्यात जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवितात, तो हे सर्व वायू एकाच वेळी निरुपद्रवी करू शकतो. मात्र मिश्रण या १४.७ च्या अगदी जवळपास राहिले तरच. कार्बोरेटर म्हणजे ठरावीक भोकांची एक चाळण. थंडी, ऊन, चढ, ओझे यांप्रमाणे क्षणाक्षणाला प्रमाण जुळविणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून इंजेक्शन आले, नळकांड्यात प्राणवायू मोजणारा सेन्सर आला, आणि या सेन्सरचे ऐकून सेकंदाला अनेकदा इंधनाची मात्रा ठरविणारा छोटा संगणकही आला. त्याला ईसीयू म्हणतात.

आपल्या देशात हा बदल टप्प्याटप्प्याने झाला. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतील नव्या मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आवश्यक झाला. शिसे त्या कन्व्हर्टरला मारक, म्हणून फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. भारत स्टेज चार ही मानके १ एप्रिल २०१७ पासून सर्व देशाला लागू झाली, आणि पाचवा टप्पा गाळून १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा आली. पॉइंट आणि कार्बोरेटर गेले ते या मार्गाने. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून शेवटची पद्मिनी निवृत्त झाली, तेव्हा मुंबईकर हळहळले. ते योग्यच होते. पण त्या शहराच्या मुलांच्या फुप्फुसांचाही या हिशेबात वाटा आहे.

जुने उपाय नव्या गाडीला का चालत नाहीत ?

येथे सर्वांत मोठा धोका संभवतो. मनुष्य नवी गाडी घेतो, पण बटवा मात्र जुनाच उघडतो.

प्लगची वायर काढून ठिणगी पाहण्याची युक्ती घ्या. नव्या प्रज्वलन-पद्धतीत विजेचा दाब तीस-चाळीस हजार व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. हाताला जबर झटका बसेल, आणि ठिणगीला नीट वाट मिळाली नाही तर कॉइल अथवा ईसीयूला इजा होईल. हळदीचे घ्या. जुन्या रेडिएटरच्या नळ्या रुंद होत्या. नव्या अ‍ॅल्युमिनियमच्या रेडिएटरचे आणि हीटरचे मार्ग अरुंद असतात. हळद चीर बुजवील की नाही कोण जाणे, मार्ग मात्र बुजवील. विहिरीचे पाणी रेडिएटरमध्ये ओतणे हीही जुनीच सवय. नव्या इंजिनातील अ‍ॅल्युमिनियमला गंजापासून वाचविणारी द्रव्ये कूलंटमध्ये असतात. अडचणीच्या वेळी साधे पाणी घालून घर गाठणे ठीक आहे, पण नंतर ते बदलून घेतले पाहिजे.

धक्का देऊन सुरू करण्याचेही तसेच. स्वयंचलित गिअरची गाडी धक्क्याने सुरू होत नाही. हाताने गिअर टाकावयाची नवी गाडी कधी कधी होते. पण बॅटरी पुरती बसली असेल तर इंधनपंप आणि ईसीयू यांनाच वीज मिळत नाही, आणि न जळालेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होण्याची भीती राहते.

आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट नाल्याच्या पाण्याची. जुनी गाडी पाण्यात शिरली की बहुधा प्रथम डिस्ट्रिब्यूटर भिजून बंद पडे. ढकलत काठावर आणली, झाकण पुसून वाळविले, की चालू लागे. नव्या गाडीचे प्रज्वलन सहसा असे भिजत नाही. त्यामुळे ती पाण्यात पुढे जात राहते आणि हवेच्या वाटेने इंजिनात पाणी ओढून घेण्याचा प्रसंग येतो. पाणी दाबले जात नाही, तेव्हा आतील कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारून सुरू करण्याचा प्रयत्न कधीही करू नये. ती ओढून बाहेर काढावी आणि मिस्त्रीकडून प्लग काढवून तपासावी. या एका संयमाने इंजिनाचा मोठा खर्च वाचतो.

नव्या गाडीत आपल्या हाती काय उरले ?

आता 'नव्या गाडीत काहीच करता येत नाही' या वाक्याकडे वळू. वास्तविक पाहता मालकाच्या हाती अजून पुष्कळ काही आहे. ते थोडक्यात पण क्रमाने सांगतो.

पहिली बॅटरी. गाडी सुरू न होण्याच्या तक्रारींत हिचा वाटा फार मोठा. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने ती धुवावी. टोके काढताना आधी ऋण आणि बसविताना ऋण शेवटी, हा नियम जुन्या व नव्या दोन्ही गाड्यांना सारखाच लागू आहे. कारण असे की, गाडीचा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. ऋण जोडलेले असताना धन टोकावरचा पाना सांगाड्याला टेकला तर मोठी ठिणगी पडते. दुसऱ्या गाडीवरून वीज घ्यावयाची असेल तर धनाला धन जोडावे, आणि काळ्या वायरचे शेवटचे टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लांब लावावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि त्याच्याजवळ ठिणगी नको.

दुसरी गोष्ट हवेचा फिल्टर. चार क्लिपा किंवा स्क्रू काढले की तो हातात येतो. उन्हाळ्यातील आपल्या रस्त्यांची धूळ आणि मळणीच्या दिवसांतील भुसा यांनी तो लवकर भरतो. पुस्तकात लिहिलेली मुदत शहरी रस्त्यांसाठी आहे असे समजून आपण तो लवकर पाहावा. वातानुकूलनाचा फिल्टरही बहुतेक गाड्यांत पुढच्या कप्प्यामागे असतो आणि विनाहत्यार निघतो.

तिसरी गोष्ट फ्यूज. दिवा, भोंगा, वायपर यांपैकी एखादेच बंद पडले तर आधी फ्यूज पाहावा. झाकणाच्या आत नकाशा असतो. रंगावरून अँपिअर कळतात : लाल दहा, निळा पंधरा, पिवळा वीस, हिरवा तीस. जळालेल्या फ्यूजच्या जागी तितक्याच अँपिअरचा बसवावा. सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद किंवा तांब्याची तार गुंडाळण्याची जुनी चाल म्हणजे आगीला निमंत्रण होय. नवा फ्यूजही लगेच जळाला तर दोष वायरीत आहे असे समजून थांबावे.

चौथी गोष्ट टायर. ट्यूबलेस टायरच्या तळव्यात खिळा शिरला, तर तयार दोरीचा संच घेऊन कोणीही पंक्चर बुजवू शकतो. बाजूच्या भिंतीला भोक पडले असेल तर मात्र हा उपाय वर्ज्य. जॅकवर उचललेल्या गाडीखाली अंग घालू नये, हा नियम सर्व काळांतील सर्व गाड्यांसाठी आहे.

पाचवी गोष्ट द्रवपदार्थांची पातळी. ऑइलची काडी, कूलंटची टाकी, ब्रेक ऑइलची बाटली आठवड्यातून एकदा सपाट जागी पाहण्याला पाच मिनिटे लागतात. ब्रेक ऑइल कमी होत असेल तर नुसते भरून स्वस्थ बसू नये, कारण ते कोठे तरी गळत आहे किंवा ब्रेकची पॅडे झिजली आहेत. गरम इंजिनाचे रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे सांगण्याची गरज नसावी. तरी दरवर्षी हात भाजतातच.

सहावी गोष्ट आपल्या धानाच्या मुलखाची : उंदीर आणि तणस. नव्या गाडीत वायरींचे जाळे फार. धानाचे पोते, पुंजणे किंवा गुरांचे तणस यांच्याजवळ गाडी उभी राहिली की उंदीर इंजिनाच्या उबेत घर करतात आणि वायरी कुरतडतात. कुरतडलेली एक बारीक वायर गाडी बंद पाडू शकते. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून लेंड्या, काड्या दिसतात का ते पाहावे. दुसरे असे की, चालून आलेल्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शेकडो अंश तापलेला असतो. वाळल्या तणसावर गाडी उभी केली तर ते पेटू शकते. जुन्या गाडीत हे भय कमी होते. नव्या गाडीत ते खरे आहे.

आणखी एक सोय नव्या गाडीने दिली आहे, जी पद्मिनीने कधीच दिली नाही. नवी गाडी आपले दुखणे नोंदवून ठेवते. स्टिअरिंगखाली सोळा पिनांची एक खाच असते. तीत बसणारे छोटे यंत्र हजार रुपयांच्या आसपास मिळते आणि मोबाइलवर दोषाचा क्रमांक दाखविते. हे क्रमांक बहुतांशी सर्व कंपन्यांत समान आहेत. पी ०३०० म्हणजे सिलिंडरांत ठिणगी अथवा ज्वलन अनियमितपणे चुकत आहे. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करीत नाही. पण हा क्रमांक लक्षण सांगतो, रोग नव्हे. पी ०१७१ दिसले म्हणजे सेन्सर बदला, असे नाही. रबराची एखादी नळी फाटून हवा शिरत असेल, इंधनपंप अशक्त झाला असेल, किंवा हवा मोजणाऱ्या सेन्सरवर धूळ बसली असेल. येथे पुन्हा जुन्या मिस्त्रीचीच विचारपद्धती लागते : इंधन, हवा, ठिणगी, दाब. हत्यार बदलले, पण नाडी पाहण्याचा क्रम तोच राहिला.

जेथे हात लावू नये

काही ठिकाणी मात्र घरच्या दुरुस्तीचा हट्ट जिवावर बेतेल. पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यात स्फोटक द्रव्य आहे. नव्या डिझेल गाडीच्या इंधनवाहिनीत दाब कित्येकदा दीड हजार बारच्या वर जातो. टायरमध्ये तो सुमारे दोन बार असतो हे लक्षात घेतले, म्हणजे या शेकडो पटींचा अर्थ कळेल. त्या दाबाने उडालेली बारीक धार कातडी भेदून आत शिरते, आणि जखम दिसायला लहान असली तरी तिला तत्काळ रुग्णालय लागते. जुन्या डिझेल जीपच्या पाइपांचे नट ढिले करून हवा काढण्याची सवय असलेल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. विजेवर चालणाऱ्या गाडीत नारिंगी वायरी शेकडो व्होल्टच्या असतात. पुण्याजवळ रांजणगावला बनणारी टाटाची नेक्सॉन २०२० साली विजेवर आली, आणि तेव्हापासून अशा गाड्या आपल्या रस्त्यांवरही दिसू लागल्या आहेत. त्यांचे टायर, वायपर, फिल्टर, छोटी बॅटरी आपली. नारिंगी ते सारे शिक्षित कारागिराचे.

ज्ञानाला कुलूप

येथवर आम्ही नव्या गाडीची बाजू घेतली असे कोणास वाटेल. परंतु तक्रारीचा एक भाग पूर्णपणे खरा आहे, आणि तो यंत्राचा नसून व्यवहाराचा आहे. गुंतागुंतीचे यंत्र समजून घेता येते. पण त्याची पुस्तके, सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे बाहेरच्या कारागिराला मिळूच दिली नाहीत, तर त्याचे कौशल्य काय कामाचे ?

आपल्या देशात हा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढे आला. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. खरे सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू दिली नाहीत, हे आक्षेपाचे सार होते. कंपन्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी २०१२ साली कौल देऊन, कंपनीच्या दुकानाला मिळते ती दुरुस्तीची माहिती मालकाला आणि बाहेरच्या मिस्त्रीलाही मिळावी असा कायदा करून घेतला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही चार क्षेत्रे धरली आहेत. आमच्या दृष्टीने शेतीच्या अवजारांचा समावेश फार महत्त्वाचा. लाखांदूर तालुक्यात मोटार अडली तर एक घर अडते, पण ऐन रोवणीत ट्रॅक्टर अडला तर साऱ्या बांध्या अडतात.

पोर्टल निघाल्याने हक्क आपोआप मिळत नाही. ग्राहकाने मागावयास शिकले पाहिजे. गाडी घेताना आपण रंग, मायलेज आणि हप्ता विचारतो. त्याबरोबरच सुटे भाग येथवर किती दिवसांत येतात, बाहेरच्या गॅरेजात ऑइल बदलले तर हमीचे काय होते, दुरुस्तीचे पुस्तक मिळते का, हेही विचारावे. आणि गावच्या मिस्त्रीने आपला पाना न टाकता त्याच्याशेजारी स्कॅनर ठेवावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेणारी मुले प्रतिवर्षी बाहेर पडतात. जुन्या कारागिराचा कान आणि या मुलांचे वाचन एका गॅरेजात आले, तर प्रत्येक दुखण्यासाठी नागपूरची वाट धरावी लागणार नाही.

जुन्या गाडीच्या मालकांसाठी

ज्यांच्या घरी अजून जुनी पद्मिनी, कार्बोरेटरची मारुती किंवा पेट्रोलची जीप आहे, त्यांना एक सूचना. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र झाले. इथेनॉलला जळण्यासाठी पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. नव्या गाडीचा ईसीयू प्राणवायूच्या सेन्सरवरून हे ओळखून मात्रा वाढवितो. कार्बोरेटरला मात्र डोळे नाहीत. त्याच भोकांतून तितकेच इंधन जाते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. शिवाय इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला मऊ किंवा ठिसूळ करते, आणि हवेतील ओल शोषून घेते. पावसाळाभर गाडी उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी साचू शकते. तेव्हा जुन्या इंधननळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या बसवून घ्याव्या, जेट जाणत्या मिस्त्रीकडून जुळवून घ्यावा, आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी चालवावी. पेट्रोल झिरपणारी जुनी नळी ही तापलेल्या इंजिनाशेजारी ठेवलेली काडी आहे. यात चालढकल नको.

सारांश

जुन्या गाडीने मालकाला बिघाड डोळ्यांनी पाहावयास शिकविले. नवी गाडी क्वचित बिघडते, स्वच्छ धूर सोडते आणि बिघाडाची नोंद ठेवते. मात्र ती नोंद वाचणारा शिकलेला हवा. पहिलीतील जिज्ञासा दुसरीतही चालवावी, आणि पहिलीतील युक्त्या दुसरीत चालवू नयेत, एवढे पथ्य पाळले तर घरच्या दुरुस्तीचे दिवस संपले असे म्हणण्याचे कारण नाही.

शेवटी एक साधा उपक्रम सुचवितो. प्रत्येक गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवावी. ऑइल कोणत्या दिवशी, किती किलोमीटरला बदलले, बॅटरी केव्हा घेतली, टायरचा दाब किती, कोणता दिवा कोणत्या प्रसंगी लागला आणि मिस्त्रीने काय केले, एवढे तीत लिहावे. घरातील मुलामुलींना, विशेषतः मुलींना, फ्यूज पाहणे, चाक बदलणे आणि बॅटरीची टोके ओळखणे शिकवावे, कारण गाडी रस्त्यात अडते तेव्हा घरचा जाणता पुरुषच तीत असेल असे नाही. या कामाला लागणारी हत्यारे एका शिधापिशवीत मावतात, आणि शिकवावयास एक रविवार पुरतो.